विद्यार्थ्यांचे मेळावे : देवनारच्या निमित्तानें

मुलाचें नांव महाविद्यालयांत घालावयाचें म्हणजे दोन प्रश्न विचारावयाचे, अशी हल्लीं पालकांस संवय झाली आहे. पदवीनंतर नोकरी कितपत मिळते, हा पहिला प्रश्न. आणि 'तेथें ॲक्टिव्हिटीज काय काय आहेत,' हा दुसरा. पहिल्याचें उत्तर आंकड्यांनीं देतां येतें. दुसऱ्याचें उत्तर संस्थेच्या गुळगुळीत माहितीपत्रकांत रंगीत चित्रांसह छापलेलें असतें : अमुक महोत्सव, तमुक परिषद, चित्रपटमंडळ, वादविवादमंडळ, नाट्यस्पर्धा, व्याख्यानमाला. यादी जितकी लांब तितकी संस्था थोर, असा समज सुशिक्षित कुटुंबांत रूढ झाला आहे, आणि संस्थाही त्या समजाला खतपाणी घालीत आहेत. या यादीचें परीक्षण मात्र कोणी करीत नाहीं. नाटकाचें परीक्षण होतें, कादंबरीचें होतें, चित्रपटाचें तर त्याच रात्रीं होतें. परंतु ज्या मेळाव्यांत आमच्या मुलामुलींच्या आयुष्यांतलीं दोन-चार ऐन उमेदीचीं वर्षें जातात, त्यांचें गुणदोषविवेचन करण्याची चाल आपल्याकडे पडलेली नाहीं.

प्रस्तुत लेखांत तसें विवेचन करण्याचें योजिलें आहे, आणि त्यासाठीं गोवंडी-देवनार येथील 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' ही संस्था पुढें घेतली आहे. मुंबईंत याहून मोठीं विद्यालयें नाहींत असें नाहीं. पण येथें विद्यार्थिजीवनाचे बहुतेक सर्व प्रकार एका लहानशा आवारांत दाटीनें नांदतात, आणि आवाराच्या भिंतीपलीकडे काय आहे, हें झांकून ठेवण्याची येथें सोय नाहीं. हार्बर मार्गावरील गोवंडी स्थानकाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर संस्थेची झाडी लागते. स्थानकाच्या उत्तरेस शिवाजीनगर व बैंगनवाडी या वस्त्या. त्यांना लागून १९२७ पासून शहराचा कचरा पोटांत घेणारी देवनारची क्षेपणभूमि. आणि जवळच १९७१ सालीं सुरू झालेला कत्तलखाना. मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालांत ज्या एम-पूर्व विभागाचा क्रमांक सर्वांत शेवटचा लागला, त्याच विभागांत समाजशास्त्रांची ही शाळा आहे. दिव्याखालीं अंधार, असें कोणी म्हणेल. पण ती म्हण येथें अर्धीच लागू पडते. कारण हा दिवा मुळांत अंधाराशेजारीं बसूनच पेटविलेला होता.

क्लिफर्ड मॅन्शर्ड हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ. त्यांनीं १९२७ सालीं भायखळ्याजवळ नागपाड्याच्या दाट वस्तींत 'नेबरहुड हाऊस' उघडलें. नुसती परोपकारबुद्धि पुरेशी नाहीं, तिला शास्त्राची जोड पाहिजे, हा त्यांचा विचार. आणि सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या आश्रयानें १९३६ सालीं त्याच ठिकाणीं 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालें. १९४४ सालीं त्यास हल्लींचें नांव मिळालें. १९५४ सालीं देवनारच्या वास्तूचें उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्तें झालें, आणि १९६४ सालीं संस्थेस विद्यापीठसमान दर्जा प्राप्त झाला. म्हणजे ही शाळा वस्तींत जन्मली आणि मागाहून आवारांत राहावयास गेली. आमचीं इतर विद्यालयें आवारांत जन्मतात, आणि वस्तीकडे जावें कीं नाहीं याचा विचार पुढें सवडीनें करतात. हा फरक ध्यानांत ठेवला पाहिजे.

तथापि विद्यार्थ्यानें भिंतीबाहेर जावें हा विचार मॅन्शर्ड यांच्याही पूर्वींचा आहे, आणि तो मुंबईच्याच विद्यार्थ्यांना प्रथम सुचलेला आहे. १८४८ सालीं, मुंबई विद्यापीठ स्थापन होण्यास अजून नऊ वर्षें अवकाश असतां, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या अध्यापकांनीं 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. प्रोफेसर पॅटन यांचें उत्तेजन आणि दादाभाई नौरोजींसारख्या तरुणाची धडाडी तिच्या पाठीशीं होती. इंग्रजींत निबंध वाचावे व त्यांवर चर्चा करावी, असा सभेचा साधा बेत. आजच्या भाषेंत तिला एक 'ॲक्टिव्हिटी'च म्हणावी लागेल. पण निबंध वाचून ही मंडळी घरीं गेली नाहीं. सभेच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचें अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांनीं स्वीकारलें. १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक निघूं लागलें. त्याहून विशेष म्हणजे १८४९ सालीं या सभेनें मुलींच्या शाळा काढल्या, आणि सभेचे तरुण सभासद सकाळच्या वेळीं तेथें विनावेतन शिकवूं लागले. नाना शंकरशेटांनीं शाळेसाठीं जागा दिली. ज्या काळीं मुलीच्या हातीं पाटी दिसली तर घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडे, त्या काळीं कॉलेजांतल्या पोरांच्या एका चर्चामंडळांतून मुंबईच्या स्त्रीशिक्षणाची एक वाट निघाली.

यावरून विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची पारख करण्याची कसोटी आपल्या हातीं येते. मंडप किती मोठा होता, पाहुणे कोण आले, वर्तमानपत्रांत चित्र कोठें छापलें, हे प्रश्न गौण होत. हा मेळावा कोणी बोलाविला. त्यांत कोणाला येतां आलें. आणि दिवे मालविल्यावर मागें काय उरलें. हे तीन प्रश्न विचारले म्हणजे पुरे.

प्रथम उत्सवी मेळावे घेऊं. मुंबईच्या महाविद्यालयीन जगांत सेंट झेवियर्सचा 'मल्हार' आणि पवईच्या आय. आय. टी. चा 'मूड इंडिगो' हे १९७० नंतरच्या दशकापासून गाजत असलेले महोत्सव. देवनारासही व्यवस्थापनशाखेच्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धा, बाहेरचे पाहुणे व प्रायोजक हा प्रकार आहेच, जरी त्याचा थाट पवईसारखा नसला तरी. तरुणांनीं गावें, नाचावें, एकमेकांस जिंकण्याची ईर्षा धरावी, यांत वावगें कांहींच नाहीं; आणि गंभीर चेहऱ्यानें त्यास नाक मुरडणें हें आमच्या वयाच्या मंडळींचें एक जुनें व्यसन आहे, तें सोडलेलें बरें. शिवाय हिशेब ठेवणें, पाहुण्यांची व्यवस्था पाहणें, ऐन वेळीं विजेची सोय करणें, रुसलेल्या मित्राची समजूत घालणें, हें सारें विद्यार्थी अशा वेळीं स्वतः शिकतात. वर्गांतल्या पुष्कळशा तासांहून हें शिक्षण टिकाऊ असतें.

दोष आहे तो निराळ्या ठिकाणीं. उत्सवाचा खर्च जाहिरातदार उचलूं लागला कीं प्रथम रंगमंचाची मागली भिंत त्याची होते, मग वेळापत्रक त्याचें होतें, आणि शेवटीं प्रेक्षकही त्याचाच होतो. विद्यार्थी बोलावणारा आहे असें दिसतें. प्रत्यक्षांत तोच बोलाविलेला असतो. या प्रकाराचें धाकटें भावंड म्हणजे उपस्थितीचें प्रमाणपत्र. व्याख्यान कोणतेंही असो, परिषद कसलीही असो, दाराशीं यादी ठेवलेली असते. विद्यार्थी येतो, नांव लिहितो, आणि पहिल्या रांगेंतले लोक मागें वळून पाहत नाहींत असें पाहून निघून जातो. प्रमाणपत्र मात्र त्याच्या घरीं जाऊन पोंचतें, आणि आईवडील तें जपून ठेवतात. अशा कागदांची चळत उद्यां नोकरी देणाऱ्याच्या टेबलावर जाते. तोही याच मार्गानें आलेला असल्यामुळें तिची किंमत मनांतल्या मनांत जाणून असतो. नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा, यापलीकडे या व्यवहारास अर्थ नाहीं.

पण यावरून स्पर्धा म्हणजे वाईटच, असा निष्कर्ष काढूं नये. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेनें १९६३ सालीं पुरुषोत्तम करंडक सुरू केला. तेथेंही करंडक आहे, ईर्षा आहे, आरोळ्यांबद्दल तर बोलूंच नये. परंतु त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या एकांकिकेसाठीं कांहीं मुलें कित्येक आठवडे एकाच संहितेशीं झटतात. ज्याला एकही वाक्य नाहीं तो दिवे सांभाळतो, जिचा आवाज पोंचत नाहीं ती वेशभूषा पाहते, आणि शेवटीं करंडक एकाच महाविद्यालयास मिळतो. उरलेल्यांस काय मिळतें? त्यांस नाटक मिळतें. मराठी रंगभूमीवर पुढें नांवारूपास आलेले किती तरी नट, लेखक व दिग्दर्शक या वाटेनें आले, आणि त्याहून किती तरी अधिक जाणते प्रेक्षक. मागें कांहीं उरलें असें म्हणतात तें हें. तेव्हां मेळाव्यांत स्पर्धा आहे कीं नाहीं हा प्रश्नच नाहीं. त्यासाठीं कष्ट पडतात कीं नुसती हजेरी पुरते, यावर सर्व अवलंबून आहे.

आतां देवनारच्या खऱ्या वैशिष्ट्याकडे वळूं. समाजकार्याच्या विद्यार्थ्यानें आठवड्यांतले दोन दिवस वर्ग सोडून क्षेत्रांत जावें, असा तेथील शिरस्ता आहे. रुग्णालय, न्यायालय, बालगृह, पोलीस ठाणें, झोंपडवस्ती, हे त्याचे त्या दिवशींचे वर्ग. माहितीपत्रकांत हा भाग अभ्यासक्रमाच्या रूक्ष सदरांत येतो. 'संधीं'च्या रंगीत पानांवर त्यास सहसा जागा मिळत नाहीं. आमच्या मतें त्या संस्थेंतली सर्वांत मोठी संधि हीच होय. बावीस वर्षांची एखादी मुलगी पोलीस ठाण्याच्या बांकावर तीन तास बसून राहते. तिच्याशेजारीं नवऱ्याचा मार खाऊन आलेली एक बाई असते. त्या तीन तासांत मुलीला असें उमगतें कीं, कायद्याचें पुस्तक आणि ठाण्यांतली नोंदवही हीं दोन वेगळीं पुस्तकें आहेत, आणि पहिल्यांतला शब्द दुसऱ्यांत उतरविण्यासाठीं कोणी तरी माणूस त्या बांकावर बसून राहावें लागतें. हें ज्ञान कोणत्याही व्याख्यानमालेंत मिळावयाचें नाहीं.

या पद्धतीनें मागें काय ठेविलें, याची गणना करणें अवघड नाहीं. १९३७ सालीं, म्हणजे शाळा निघून वर्ष झालें न झालें तोंच, मनानें अस्वस्थ अशा मुलांसाठीं तिनें बालमार्गदर्शन-केंद्र काढलें. १९८४ सालीं मुंबईच्या पोलिसांबरोबर स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं विशेष कक्ष सुरू झाला. वर वर्णिलेल्या बांकाला त्यामुळें एक हक्काची खोली मिळाली. १९९० सालीं बंदिवानांसाठीं 'प्रयास' निघालें. १९९६ सालीं संकटांतल्या मुलानें केव्हांही फिरवावा असा १०९८ हा दूरध्वनि-क्रमांक याच आवारांतल्या एका उपक्रमांतून जन्मास आला आणि पुढें देशभर पसरला. बेघर व निराधार लोकांसाठीं २००६ सालीं सुरू झालेल्या 'कोशिश' या उपक्रमाच्या तरुण कार्यकर्त्यांनीं बिहारमधील निवासगृहांची पाहणी केली, आणि त्या अहवालामुळें २०१८ सालीं मुझफ्फरपूर येथील बालिकागृहांतील भयंकर अत्याचार उजेडांत आले. मेधा पाटकरांसारखी कार्यकर्ती याच शाळेंतून बाहेर पडली. १८४९ सालच्या मुलींच्या शाळांशीं या सर्वांचें नातें सख्खें आहे. दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट आहे, ती ही कीं, विद्यार्थ्यानें जें पाहिलें तें पाहून तो स्वस्थ बसला नाहीं, आणि संस्थेनें त्यास स्वस्थ बसविलें नाहीं.

इतकी स्तुति केल्यावर दोष दाखविण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे, तो वापरतों. क्षेत्रकार्याचा एक धोका असा कीं, शेजार हा हळूहळू प्रयोगशाळा होऊन बसतो. दर वर्षीं नवी तुकडी येते आणि तेच प्रश्न नव्या उत्साहानें विचारते : घरांत माणसें किती, पाणी किती वाजतां येतें, शौचकूप किती लांब. उत्तर देणारी बाई तीच असते; तिचें पाणीही बहुधा त्याच वेळीं येत असतें. विद्यार्थ्याचा प्रबंध पुरा होतो, त्यास पदवी मिळते, तो निघून जातो. संस्थेनें आपल्या पंचाहत्तरीच्या निमित्तानें २०११ सालीं एम विभागाच्या परिवर्तनाचा जो उपक्रम हातीं घेतला, त्यांत या दोषाची जाणीव होती असें म्हणावयास हरकत नाहीं. अर्धें शतक उलटल्यावर कां होईना, देवनारच्या शाळेनें आपल्या शेजाऱ्याचें नांव आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घातलें. मोठ्या प्रमाणावर पाहणी झाली, विद्यार्थी गल्लोगल्लीं फिरले. परंतु शेजाऱ्याच्या दुःखाची मोजदाद म्हणजे शेजारधर्म नव्हे. २०१६ च्या जानेवारीअखेर क्षेपणभूमीस आग लागली आणि धूर दूरवरच्या वस्तींत शिरला, तेव्हां साऱ्या मुंबईला देवनार आठवलें. शिवाजीनगरास तें रोजच आठवतें. जी गोष्ट त्यांच्या नित्याची आहे ती आमच्या नैमित्तिकाची असणें, येथेंच सर्व समाजशास्त्राची परीक्षा आहे.

या परीक्षेंत उत्तीर्ण होण्याचा एक मार्ग देवनारच्याच चित्रपट-विभागानें दाखविला आहे. तेथील अध्यापक अंजली मोंतेरो व के. पी. जयशंकर यांनीं वृत्तपटांची एक परंपरा उभी केली. 'साचा' (२००१) या चित्रपटांत नारायण सुर्वे व चित्रकार सुधीर पटवर्धन या दोघांच्या द्वारा बंद पडत चाललेल्या गिरण्यांचें मुंबई शहर दिसतें. 'नाता' (२००३) या चित्रपटांत १९९२-९३ च्या दंगलींनंतर धारावींत सलोख्यासाठीं झटलेले भाऊ कोरडे व वकार खान दिसतात. या दोन चित्रपटांचा विशेष असा कीं, त्यांत माणसाला पुराव्यासारखें उभें केलेलें नाहीं. तो बोलतो, थांबतो, आठवतो. आणि दिग्दर्शक त्याच्या थांबण्याची घाई करीत नाहींत. 'नाता'मध्यें तर त्यांनीं स्वतःच्या घरचा वृत्तांतही धारावीच्या वृत्तांताशेजारीं ठेवला आहे. दुसऱ्याला त्याचें नातेंगोतें विचारावयाचें तर आधीं आपलें सांगावें, ही आपल्याकडची जुनी रीत. वस्तींत प्रश्नावली घेऊन जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें ती येथून उचलण्याजोगी आहे.

त्यांच्या विद्यार्थ्यांनींही ही वाट चोखाळली. 'फारूक व्हर्सेस द स्टेट' (२०१२) या विद्यार्थ्यांनीं केलेल्या वृत्तपटाचा विषय १० जानेवारी १९९३ रोजीं वडाळ्याच्या हरी मशिदींत झालेला पोलिसांचा गोळीबार आणि त्यांत जखमी होऊन उलट स्वतःच आरोपी ठरलेल्या फारूक म्हापकर यांचा प्रदीर्घ न्यायालयीन लढा, हा आहे. हा चित्रपट करणारीं मुलें त्या दंगलींच्या वेळीं पाळण्यांत असतील, किंवा जन्मलींही नसतील. ज्या गोष्टीविषयीं वडीलधारे बोलावयाचे थांबले, ती गोष्ट या मुलांनीं वीस वर्षांनीं पुन्हा विचारली. विद्यालयाच्या आवारांत असा चित्रपट दाखविला जातो, दिवे लागतात, आणि मग मुलें एकमेकांशीं वाद घालूं लागतात. त्या तासाभराच्या वादास कोणी प्रायोजक नसतो आणि प्रमाणपत्रही नसतें. आमच्या तीन प्रश्नांना हा मेळावा चोख उत्तरें देतो.

येथें आपण नाजूक प्रदेशांत शिरतों. मेळावा कोणी बोलवावा, या प्रश्नावरून देवनारास गेल्या कांहीं वर्षांत जें घडलें तें टाळून हा लेख पुरा करणें, म्हणजे ताकास जाऊन भांडें लपविण्यासारखें होईल. एप्रिल २०२४ मध्यें संस्थेनें एका दलित संशोधक विद्यार्थ्यास दोन वर्षांसाठीं निलंबित केलें. त्यानें त्या वर्षीं जानेवारींत दिल्ली येथील विद्यार्थ्यांच्या मोर्चांत संस्थेचें नांव असलेल्या फलकाखालीं भाग घेतला, आणि आनंद पटवर्धन यांचा 'राम के नाम' हा चित्रपट पाहण्याचें आवाहन केलें, हे त्याच्यावरील आक्षेपांपैकीं होते. हा चित्रपट १९९२ सालचा असून त्यास राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलें आहे. मुंबई उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें संस्थेची कारवाई उचलून धरली. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें भोगलेली शिक्षा पुरेशी मानून त्यास अभ्यास पुरा करण्याची मोकळीक दिली.

संस्थेची बाजू अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. संस्थेचें नांव हें सर्वांचें सामाईक धन आहे, तें एकानें आपल्या मतासाठीं खर्चूं नये, या म्हणण्यांत तथ्य आहे. उच्च न्यायालयानेंही याच मुद्द्यावर भर दिला. परंतु चुकीचें प्रमाण आणि शिक्षेचें प्रमाण यांचा मेळ बसला पाहिजे. नांवाचा गैरवापर झाला तर समज द्यावी, फलक उतरवावा, खुलासा प्रसिद्ध करावा. त्यासाठीं विद्यार्थ्याच्या आयुष्यांतलीं दोन वर्षें कापून घेणें, हें कोणत्याही शिक्षकाच्या तराजूंत बसणार नाहीं. शिवाय एकास झालेली शिक्षा एकट्याची राहत नाहीं. उद्यां ज्याला भित्तिपत्रकावर चार ओळी लिहावयाच्या आहेत, त्याचा हात ती पाहून थबकतो. मग आवारांत मेळावे होतात. पण ते सगळे परवानगीचे, पाहुण्यांचे आणि पुष्पगुच्छांचे.

'विद्यार्थ्यांनीं राजकारणांत पडूं नये, शिकावें,' असें यावर पुष्कळ सद्गृहस्थ म्हणतील, आणि त्यांत आमचे वाचकही असतील. मुलाच्या भवितव्याविषयींच्या खऱ्या काळजीनें तें म्हटलेलें असतें, म्हणून त्यास उत्तर दिलें पाहिजे. १८४९ सालीं मुलींना शिकवावें असें म्हणणें हें राजकारण नसलें तरी त्याहून अधिक तापट असें समाजकारण होतें, आणि त्या वेळच्या सद्गृहस्थांनींही पोरांना हेंच सांगितलें असणार. ज्या शास्त्राचा विषयच दारिद्र्य, जात, कायदा आणि सत्ता हा आहे, त्याच्या विद्यार्थ्यानें त्यांविषयीं मत बनवूं नये असें म्हणणें, म्हणजे वैद्यकीच्या विद्यार्थ्यास रोग्याला हात न लावण्याची अट घालण्यासारखें आहे. मत चुकीचें असूं शकेल. तें चुकीचें आहे हें कळण्याची सर्वांत स्वस्त व सर्वांत सुरक्षित जागा विद्यालयाचें आवार हीच आहे. तेथें चुकलेल्या मताला प्रतिपक्षाचें उत्तर मिळतें. बाहेर तें मिळत नाहीं. बाहेर एक तर टाळ्या मिळतात, नाहीं तर दगड.

आंत कोण येऊं शकतो हा राहिलेला प्रश्न यांहूनही मूलगामी आहे. फेब्रुवारी २०१८ मध्यें संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी या चारही केंद्रांतील विद्यार्थ्यांनीं संप केला. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्ग यांतील शिष्यवृत्तिधारक विद्यार्थ्यांस शुल्क व वसतिगृहाच्या खर्चांत मिळणारी सवलत काढून घेण्यांत आली होती, ती परत द्यावी, ही त्यांची मागणी. वर्तमानपत्रांनीं तिची गणना 'आंदोलन' या सदरांत केली. आम्ही ती विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांच्या इतिहासांत करूं. कारण मेळाव्याचें निमंत्रण सर्वांना असलें तरी मेळाव्यापर्यंतची वाट सर्वांना परवडत नाहीं. मराठवाड्यांतल्या एखाद्या शेतमजुराची मुलगी शुल्काअभावीं घरीं परत गेली, तर तिच्यासाठीं चित्रपटमंडळही नाहीं, व्याख्यानमालाही नाहीं, क्षेत्रकार्यही नाहीं. त्या संपांत आपल्या वर्गांतला बांक रिकामा होऊं नये म्हणून ज्या मुलांना सवलतीची गरज नव्हती अशांपैकींही पुष्कळ जण उभे राहिले. सामाजिक न्याय या विषयावरचा त्या वर्षींचा सर्वांत चांगला पाठ तेथें दारावर झाला असावा.

शेवटीं एक उणीव सांगावयाची राहिली, आणि ती मराठी वाचकांनीं विशेष मनावर घ्यावी. १८४८ च्या सभेला आपल्या मराठी व गुजराती शाखा काढाव्या असें वाटलें. देवनारच्या शाळेचे प्रबंध, परिषदा व अहवाल बहुतांशीं इंग्रजींतच राहिले. देशाच्या सर्व कोपऱ्यांतून मुलें येतात, तेव्हां समान भाषा इंग्रजी होणें अपरिहार्य, हें आम्हांस मान्य आहे. परंतु बैंगनवाडींतल्या माणसाच्या हिंदी-मराठी उत्तरांवरून जो अहवाल तयार होतो, तो त्याच्या भाषेंत परत त्याच्या दारीं जाऊं नये, हें काही अपरिहार्य नव्हे. वर्षांतून एखादा दिवस तरी असा असावा कीं, त्या दिवशीं संस्थेचें मोठें सभागृह शेजाऱ्यांसाठीं उघडावें. ज्यांच्याविषयीं प्रबंध लिहिले ते पुढच्या रांगेंत बसावे. विद्यार्थ्यांनीं मराठींत वा हिंदींत आपलें म्हणणें मांडावें, आणि शेजाऱ्यांनीं तें खोडून काढावें. आजवरच्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय परिषदेहून त्या दिवशीं विद्यार्थी अधिक शिकतील. खर्चही कमी येईल.

तात्पर्य, मुलांना महाविद्यालयांत धाडणाऱ्या कुटुंबांनीं आपला दुसरा प्रश्न थोडा बदलून विचारावा. 'तुमच्याकडे कार्यक्रम किती होतात,' याऐवजीं 'तुमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः बोलाविलेला शेवटचा कार्यक्रम कोणता, त्याला कोण येऊं शकलें, आणि त्यांतून पुढें काय झालें,' असें विचारावें. ज्या संस्थेस याचें उत्तर चटकन् देतां येईल, तिच्या माहितीपत्रकाचा कागद जाडाभरडा असला तरी चालेल. देवनारच्या संस्थेस हें उत्तर देतां येतें, आणि नव्वद वर्षांत तिनें तें अनेक वेळां दिलें आहे. तें उत्तर देणारीं तोंडें मिटूं न देणें, हें आतां तिच्या चालकांचें काम आहे; आणि तीं मिटत असतील तर मोठ्यानें विचारणें, हें आपलें.